अपुरा रणगाडा

दिना,

तुझ्या तेराव्याला आलेला एकेक माणूस जेवून उठला की फळीपाशी थांबायचा आणि म्हणायचा, "काय हुबेहूब रणगाडा केलाय हो दिनकरनं!" हुबेहूब. हा शब्द तू जिवंतपणी ऐकला असतास, तर पाहुण्याचं मनगट धरून त्याला फळीसमोर उभं केलं असतंस आणि ह्यात काय काय चुकलंय ते सांगता सांगता त्याची एसटी चुकवली असतीस. मी नुसती मान हलवली. तेराव्याच्या पंगतीत कुणाशी वाद घालायचा नसतो, आणि ज्याच्याशी घालायचा तो गळ्यात हार घालून भिंतीवर जाऊन बसला होता.

आता पाहुणे गेले. तुझे दाजीही कामावर गेले. घरात मी, माझं शिवणाचं मशीन आणि तुझा रणगाडा. तेव्हा राहिलेला वाद आज घालते. मधे तोंड घालायची सोय तुला नाही, हे एक बरं झालं. जन्मभर तू माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस.

रागावले आहे मी तुझ्यावर. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? त्यांच्या पदरात तू काही टाकून गेला नाहीस. माझ्या टाकलंस. आई गेली तेव्हा तू माझ्या कडेवर होतास, तुझं नाक मी पुसलं, तुझ्या चड्डीची नाडी मी ओवली. आणि शेवटी तुझं जे काम तुला स्वतःला जमलं नाही, तेही अक्कानंच करायचं. हक्काची अक्का म्हणजे गावाची पाणपोई, कुणीही यावं आणि तांब्या बुडवावा.

लढाईहून तू आलास तो पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून, दोन्ही हात गुंडाळून. पट्ट्या सुटल्या तेव्हा उजव्या हाताची बोटं आखडून गेली होती. ज्या हातांनी तू एवढा मोठा सेंच्युरियन रणगाडा चालवायचास, त्या हातांना आमटीची वाटी धरवेना. लष्करानं घरी पाठवलं. घर म्हणजे काष्टी, आपले बापू, विहीर, शेत. पण तू गेलास काष्टीला आणि दोन दिवसांत माझ्याकडे भिंगारला परत आलास. "नांगर धरता येत न्हाई, तितं बसून काय करू?" म्हणालास. मला ते पटलं. बापूंनाही पटलं. खरं कारण मला फार उशिरा कळलं.

तुझे साहेब विलायतेला कोर्स करून आले आणि जाता जाता तुला एक खोका देऊन गेले. खोक्यावर धूळ उडवत निघालेल्या रणगाड्याचं चित्र, आत प्लॅस्टिकच्या काड्यांना लटकलेले शंभर तुकडे आणि चिकटवायचं सोल्यूशन. माझ्या कापड बेतायच्या टेबलावर तू ते सगळं मांडलंस. लढाईनंतर तुला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, देव पावला. बोटांना व्यायाम होईल, डोक्याला चाळा होईल, पोरगं माणसात येईल. किती शहाणी मी!

संध्याकाळपर्यंत हसू गेलं. रणगाड्याचं पोट उलटं करून तू माझ्यापुढे धरलंस. त्याला आरपार खाच होती. आत मोटार बसवायची, दोन सेल घालायचे, म्हणजे तो जमिनीवर घर्रघर्र चालतो.

"ह्ये बग अक्का. ड्रायव्हर बसतो तितं ह्येंनी सेल घातल्यात."

मला हसू आलं. तू हसला नाहीस. "मंग मानसं कुटं बसायची?" असं त्या खोक्यालाच विचारलंस.

तिथून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत. मागच्या अंगाला एक टेलिफोनची पेटी असते म्हणे, पायदळातल्या माणसानं बाहेरून आतल्या साहेबाशी बोलायची. किटमध्ये ती नव्हती. मग टूथपेस्टच्या ट्यूबचा पत्रा मऊ असतो हा शोध तुला लागला, आणि भरलेली ट्यूब वाटीत पिळून तू रिकामी केलीस. पुढचे आठ दिवस आम्ही वाटीत बोट घालून दात घासत होतो. इंजिनावरच्या जाळीसाठी माझी चहाची गाळणी गेली. ओढायच्या हुकासाठी केसातल्या पिना गेल्या. मशीनचा दोरा मेण लावून वळलास, त्याचा लोखंडी दोर झाला. तुझे दाजी म्हणाले, "मेव्हणे, शत्रूनं जेवढं मोडलं नसंल तेवढं तुम्ही दुरुस्त करायला लागलात." ते गमतीनं म्हणाले. तू उठून अंगणात गेलास.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो वरच्या झाकणांनी. त्या फिरत्या डोक्यावरची झाकणं किटमध्ये नुसती डोक्याला धरूनच ओतलेली होती, उघडत नव्हती. तू ती ब्लेडनं कोरून काढलीस आणि पत्र्याची नवीन केलीस, पिनेच्या तुकड्याची बिजागरी लावून. आखडलेल्या बोटांनी. चिमट्यातून पिन निसटायची, तू फरशीवर ओणवा होऊन शोधायचास, पुन्हा बसायचास. मी म्हटलं, "कोण बघणार आहे रे एवढं?" तू म्हणालास, "गाडीला ठावं हाय." तुम्ही रणगाडेवाले त्याला गाडीच म्हणता. जसं काही वडगाव-काष्टी जाणारी.

तेवढ्यात गयाबाई आली. तुझ्याच गाडीतल्या भानुदासची आई.

पहिल्या खेपेला ती जामखेडहून आली ती कॅम्पच्या फाटकावर विचारत विचारत. पायात टायरच्या वहाणा, फडक्यात बांधलेले हुलगे, आणि हातांना खडी फोडून घट्टे पडलेले. दुष्काळी कामावर होती, आठवड्याची सुट्टी बघून आली होती. उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही. तू उठून उभा राहिलास तो तसाच, शाळेत मास्तर आल्यासारखा.

"तुमी दिनकर का? माझं लेकरू तुमचं नाव लई घ्यायचं."

मी पाणी दिलं. ती म्हणाली, तार आली, साहेब आला, फोटो दिला, सलाम ठोकला. समद्यांनी समदं केलं. पण एक कुणीच सांगत नाही.

"घरात मानूस गेलं तर आपुन त्या जागी दिवा लावतो का न्हाई? हितं निजला व्हता, हितं डोस्कं व्हतं, असं दावतो. माझ्या लेकराचा जीव कुठं गेला? तो गाडीत कुठं बसायचा? तेवढं मला दावा. म्या पणती आणलीय."

फडक्याची गाठ सोडून तिनं खरंच हुलग्यांखालून पणती आणि कापसाची वात काढली.

आणि तू? टेबलावर रणगाडा समोर होता दिना. भानुदास तोफेत गोळे भरायचा, डाव्या बाजूला बसायचा, हे मलासुद्धा तोवर पाठ झालं होतं. एक बोट ठेवायचं होतं. तू म्हणालास, "मावशे, गाडी आजून पुरी न्हाई झाली. बाजूचे पत्रे बसायचेत. पुरी झाली की दावतो."

ती म्हणाली, "व्हय बाबा. काम नीटच व्हाया पायजे." आणि पणती पुन्हा फडक्यात बांधून उठली.

त्यानंतर ती येतच राहिली. कधी हुलगे, कधी चार बोरं, कधी नुसतीच. दर खेपेला तुझ्याकडे काहीतरी कमी. पत्रे झाले तर रंग नाही. रंग झाला तर चाकांची तोंडं चुकलेली. खोकेवाल्यांनी ती दुसऱ्याच सालच्या गाडीची दिली आहेत म्हणे. एवढ्या लांब बसलेल्या त्या परदेशी माणसाला तू शिव्या घालायचास, की त्यानं ह्यात कुदळ दिली नाही, बादली दिली नाही, आत चहा उकळायची पेटी दिली नाही. आणि ती म्हातारी भिंतीला टेकून ऐकायची. "आत च्या बी करता येत व्हता?" असं एकदा तिनं विचारलं, आणि जरा बरं वाटलं तिला. लेकराला च्या मिळायचा.

ती गेली की मी तुझ्यावर तुटून पडायचे. आठवतंय? "तिला बोट ठेवून दाखव ना मेल्या!"

"चुकीचं दावू?"

"तिला चूक कळणार आहे?"

"मला कळंल."

"तू कोण लागून गेलास? तिचा मुलगा गेलाय."

ह्यावर तू चिमटा उचलून पुन्हा कामाला लागायचास. मला वाटायचं तू हट्टी आहेस. मला वाटायचं लष्करात राहून तुला माणसापेक्षा नट-बोल्ट मोठे झाले. मी तुला निर्दय म्हटलं एकदा, आणि तू ते ऐकून घेतलंस.

मग खंडेनवमी आली. घरातली हत्यारं मांडायची म्हणून मी पाटावर मशीनचं तेल पुसून ठेवलं, कात्र्या ठेवल्या, दाजींचे पाने ठेवले. दुष्काळात झेंडूही खुरटलेले, तेवढे मिळाले तेवढे वाहिले. आणि तू न्हाणीत होतास तोवर फळीवरचा रणगाडा उचलून मधोमध ठेवला. त्याला हळद-कुंकू वाहिलं, दोन अक्षता टाकल्या. हत्यारच ना ते? घरात हत्यार असताना खंडेनवमीला पूजा करायची नाही, असं कुठल्या शेतकऱ्याच्या घरात झालंय?

तू बाहेर आलास आणि भडकलास तो असा, की शेजारच्या काकू दारात आल्या. रॉकेलचा बोळा घेतलास आणि कुंकू घासत सुटलास. कुंकू निघालं, त्याबरोबर महिन्याभराचा रंगही निघाला.

"कुनी सांगितलं हुतं तुला ह्ये लावाया?"

मीही ऐकणारी नव्हते. "का? तुमच्या पलटणीत दसऱ्याला रणगाड्यांची पूजा करत नाहीत? तूच सांगितलंयस ना, नारळ फोडतात, माळा घालतात? मग तुझ्या हुबेहूब गाडीवर कुंकू नाही, हीच तर चूक आहे. टेलिफोनची पेटी आठवली आणि कुंकू बरं विसरलास!"

तेव्हा तू बोळा टाकलास. आवाज एकदम खाली आला. "लावलं हुतं की. निगताना भान्यानंच लावलं हुतं. काय झालं लावून?"

दसऱ्याला घरात कुणी गोड खाल्लं नाही.

नंतर कावीळ झाली. पहिल्यांदा गावठी औषध, नाकात थेंब, गळ्यात काड्यांची माळ. मग डोळे हळदीसारखे झाल्यावर सिव्हिल हॉस्पिटल. मी दुपारी डबा घेऊन यायचे. त्या दिवशी तू डबा बाजूला सारलास आणि छताकडे बघत म्हणालास, "अक्का, गाडीवर एक गोष्ट करायची राह्यली."

मी म्हटलं, "आता पुरे. बरा झालास की कर."

"वळकटी राह्यली. भान्याची."

आणि मग तू सांगितलंस. भर दुपारी, बाजूच्या खाटेवरचा म्हातारा घोरत असताना, शांतपणे, जसं काही चाकांची तोंडं का चुकली ते सांगतोयस.

"टरेटवर, त्या फिरत्या डोक्यावर, सामान बांदायचं न्हाई असा हुकूम हुता. पन आत जागा न्हाई न् थंडी अशी की बोटं गळून पडावी. समदेच बांदायचे. भान्याच्या वळकटीत त्येच्या आईनं शिवलेली गोधडी हुती, लई जाड. म्हनायचा, ही हरवली तर म्हातारी मला घरात घ्यायची न्हाई. दिन्या, तू घट बांद, तुला गाठ येती. म्या बांदली. बापूंची गाठ मारली."

बापूंची गाठ मला ठाऊक आहे. कडब्याची गाडी भरली की बापू जी मारतात ती. गाडी हिसके खाईल तशी ती आवळत जाते. काष्टीच्या बाजाराला आलेल्या गाड्यांत बापूंचा कडबा ओळखू यायचा, एक पेंढी हललेली नसायची. ती गाठ सोडत नाहीत दिना, मुक्कामाला गेल्यावर विळ्यानं दोर कापतात.

"वढ्यातनं गाडी उतरली. दोर न्हाई तुटला, समदी वळकटीच सरकली. भान्याच्या झाकनावर जाऊन बसली, आडवी. कुनाला दिसलं न्हाई. मंग गोळा लागला. मी फुडच्या झाकनातनं निगालो. साहेब न् गनर त्येंच्या झाकनातनं निगाले. भान्या तोफंच्या पल्याड, मदी आग. त्यो खालनं ढकलत हुता अक्का. झाकान जरा उचलायचं, वळकटीला लागायचं, परत पडायचं. उचलायचं, परत पडायचं. म्या वर चढलो. गाठ सुटंना. चाकू न्हाई. पत्रा तापलेला. गाठ सुटंना. मंग झाकान हलायचं थांबलं."

तुझे हात कशानं भाजले ते मला त्या दुपारी कळलं. तोवर मी सगळ्यांना सांगत होते, गाडीतून बाहेर पडताना भाजले. काष्टीला तू का राहिला नाहीस तेही कळलं. खळ्यात कडब्याच्या गाड्या भरत होत्या.

मला रडायला हवं होतं. मला राग आला. मी म्हटलं, "मग त्या माउलीला हे इतके दिवस का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुझी गोधडी आडवी आली म्हनून?"

"वळकटी नको दाखवूस मग. नुसती जागा दाखव. कुणाचं काय बिघडतं?"

"तसली गाडी खोटी अक्का."

म्हणजे खरी दाखवायची नाही, खोटी दाखवायची नाही. म्हणून गाडी कधी पुरीच होऊ द्यायची नाही. टेलिफोनची पेटी, चाकांची तोंडं, बादली, कुदळ. सगळं नसलेलं तू शोधून शोधून केलंस, आणि जे एकच नव्हतं ते करावं लागू नये म्हणून केलंस. एवढं मोठं ओझं घेऊन तू माझ्या घरात जेवत होतास, आणि मी तुला गाळणीवरून बोलत होते. सांगायचं होतंस रे. तिला नाही तर मला. निम्मं मी उचललं असतं. भावंडं कशाला असतात? नुसती भाऊबीजेला ओवाळायला?

मी विचारलं, "बापूंना ठाऊक आहे?"

"न्हाई. त्येंना सांगू नगंस."

मग म्हणालास, "म्हातारीला आता तूच दाव." काय दाव, ते सांगितलं नाहीस. मी विचारलं. तू डोळे मिटून घेतलेस. झोप लागली असं मी समजले. तू जागा होतास, हे मला आज नक्की ठाऊक आहे. लहानपणीसुद्धा काम टाळायचं असलं की तू असाच निजायचास, पापण्या हलायच्या.

तुझी तिरडी बापूंनी बांधली. लोक म्हणत होते, बापानं बांधू नये. ते ऐकेनात. दोराला दुसऱ्या कुणाला शिवू दिलं नाही. "माझ्या हातची गाठ हाय, पोरगं हालायचं न्हाई," असं म्हणत प्रत्येक वेढा आवळत होते. सगळी बायामाणसं त्या बोलण्यानं हंबरडा फोडून रडली. मी एकटी होते तिथे, जिला दुसऱ्याच कारणानं रडू आलं, आणि ते कुणाला सांगायची सोय तू ठेवली नव्हतीस. तुला सोडवायला मी पुढे होणार होते दिना. खरंच. दाजींनी खांदा धरला.

आणि परवा गयाबाई आली.

तिला निरोप उशिरा मिळाला. दारात आली ती माझ्या गळ्यातच पडली. तुझ्यासाठी रडली, पोटच्या पोरासाठी रडावं तशी. "माझ्या भान्याचं बोलणारं एकच मानूस उरलं व्हतं, ते बी गेलं," म्हणाली. तुझ्यावर माझा राग होता, पण तेव्हा वाटलं, तू हे ऐकायला हवं होतंस. ती तुझ्याकडे जागा बघायला येत नव्हती नुसती. भानुदासला ओळखणाऱ्या माणसाजवळ बसायला येत होती. चाकांच्या तोंडांच्या त्या कंटाळवाण्या गोष्टी ती त्यासाठी ऐकायची.

डोळे पुसून तिनं फळीकडे पाहिलं. "झाला का पुरा?"

मी म्हटलं, "झाला."

खोटं बोलले. तुला जे जमलं नाही ते मला एका शब्दात जमलं. मी रणगाडा खाली काढला, तिच्या पुढ्यात पाटावर ठेवला. तिच्या हाताचं बोट धरलं आणि डाव्या झाकणावर टेकवलं. "इथं बसायचा भानुदास. ह्याच्या खाली. गोळे भरायचा."

तिनं बोट तसंच ठेवलं. खडी फोडून जाड झालेलं ते बोट, झाकण त्याच्याखाली पार झाकून गेलं. मी पणतीसाठी तेल आणायला उठले तर म्हणाली, "दिवा नगं बाई. आगीत गेलंय लेकरू, परत आग कशापायी दावायची?"

म्हणजे तिला तेवढं ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी.

मग तिनं रणगाडा सगळीकडून पाहिला, बाजार करताना बैल बघतात तसा. टेलिफोनची पेटी पाहिली, बादली पाहिली, दोर पाहिला. आणि विचारलं, "ह्येच्यात त्याची गोधडी न्हाई दिसत. संगं व्हती ना? तिकडं लई थंडी असती म्हणून म्या सहा लुगडी घालून शिवली व्हती."

दिना, तुझ्या सगळ्या रणगाड्यात काय कमी आहे हे एका नजरेत ओळखणारी ती पहिलीच. मी म्हटलं, "होती. शेवटपर्यंत त्याच्याजवळच होती."

ह्यात एक शब्दही खोटा नाही. तूच ठरव आता, हे खरं बोलणं झालं की खोटं. मला ठरवता येत नाही, आणि तुला विचारायला जागा नाही.

तिचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. "मंग थंडी न्हाई वाजली लेकराला."

माझ्या मशीनखाली चिंध्या पडल्या होत्या. तिनं त्यांतल्या दोन निवडल्या, एक खणाची, एक हिरवी. सुई मागितली. चष्मा नाही, तरी मला दोरा ओवू दिला नाही. भिंतीला टेकून बसली आणि धावदोऱ्यानं त्या दोन चिंध्या एकावर एक शिवल्या, बारीक, सरळ, कडेनं फिरत मध्यापर्यंत, खऱ्या गोधडीला घालतात तसा. शिवणाचा क्लास मी घेते. मी बघत राहिले. झाल्यावर दातानं दोरा तोडला, गोधडी गुंडाळली, मधोमध दोऱ्याचा वेढा दिला. करंगळीच्या पेराएवढी वळकटी झाली.

"कुठं ठिवू?" असं तिनं विचारलं नाही. आईच ती. तिनं ती सरळ भानुदासच्या झाकणावर ठेवली, आडवी, बोटानं जरा दाबून.

"आसू दे लेकराच्या डोईवर. आता झाला पुरा."

मी "नको" म्हणायला तोंड उघडलं. काय कारण सांगणार होते? ते कारण तू माझ्या घशात अडकवून गेलास. मी तिला भाकरी बांधून दिली, स्टँडवर सोडायला गेले, जामखेडच्या गाडीत खिडकीशी बसवून दिलं. खिडकीतून हात काढून तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "येत जाईन बाई. बसत जाईन ह्येच्यापशी." येईल ती. दर खेपेला रणगाडा बघायला मागेल.

घरी आले. बघते तर तू ज्यासाठी जीव टाकलास ते झालं होतं. तुझा रणगाडा आता खरोखर पुरा होता. त्या दिवशी जसा होता अगदी तसा, एक धागा कमी नाही. जगात ते ओळखणारी मी एकटी. तू असतास तर ह्यावर काय म्हणाला असतास? उठून अंगणात गेला असतास.

मी ती वळकटी उचलली आणि मागच्या अंगाला ठेवली, तुझ्या त्या टेलिफोनच्या पेटीवर. बांधली नाही. वाऱ्यानं पडली तर पुन्हा ठेवीन. म्हातारीनं विचारलं तर सांगीन, झाडताना सरकली. तुझ्या हिशोबानं हे साफ चुकीचं आहे, दिना, आणि मी आहे तोवर चुकीचंच राहील. वाद घालायचा असेल तर ये.

मग डाव्या झाकणाच्या कडेला नख लावून पाहिलं. तुझ्या त्या पिनेच्या बिजागरीवर ते अलगद उघडलं.